सह्याद्री एक, कातळ दोन

नमस्कार श्रोतेहो.

आंबोलीचा घाट चढताना कड्याकडे नीट पाहिलंत, तर काळ्या दगडाचे थर एकावर एक रचलेले दिसतात, पायऱ्यांसारखे. कुळ्याहून दूधसागरला जा. तिथला कातळ उजळ, दाणेदार, आणि थरांचा मागमूस नाही. डोंगर दोन्हीकडे सह्याद्रीचाच. पण आंबोलीचा दगड म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा, आणि दूधसागरचा ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा! दख्खनचा हा लाव्हा गोव्यात सत्तरीच्या बाजूला, ईशान्येच्या कोपऱ्यात थोडासा येतो आणि तिथेच संपतो.

म्हणून "हा पर्वत ज्वालामुखीचा आहे का?" असं कुणी विचारलं, की मी त्या प्रश्नाचे दोन प्रश्न करतो. दगड कुठून आला? आणि उंची कुठून आली?

आधी दगडाचं पाहू. पृथ्वीच्या पोटात लाव्हाचा समुद्र उकळतो आहे आणि भेग पडली की तो उसळून वर येतो, असं चित्र बहुतेकांच्या मनात असतं. लहानपणी माझ्याही होतं. प्रत्यक्षात आपल्या पायांखालचा तो खोल थर घट्ट दगडाचाच आहे. तापलेला आहे, पण वरचं ओझं त्याला वितळू देत नाही. तो वितळायला काहीतरी कारण घडावं लागतं, आणि हे कारण सगळ्या पर्वतांखाली घडत नाही.

एक कारण म्हणजे पाणी. गुळाचा कोरडा खडा कढईत टाकला तर तो तळाला करपतो. चमचाभर पाणी घातलं की मंद आचेवरही त्याचा पाक होतो. दगडाचंही काहीसं तसंच. दक्षिण अमेरिकेत नाझ्का नावाचं समुद्रतळाचं भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, खंडाखाली बुडतं आहे. त्याच्या खनिजांत अडकलेलं पाणी साधारण 100 किलोमीटर खोलीवर सुटतं, वरच्या तापलेल्या दगडात शिरतं आणि तो दगड वितळू लागतो. तिथल्या अँडीज पर्वतरांगेचे ज्वालामुखी असे पेटतात. त्यांतला ओहोस देल सालादो 6,893 मीटर उंच, जगातला सर्वांत उंच ज्वालामुखी.

पण त्याच रांगेतलं सर्वांत उंच शिखर, 6,961 मीटरचं अकोंकाग्वा, आज ज्वालामुखी नाही. त्यात जुन्या ज्वालामुखींचा दगड आहे; मात्र आता त्या भागात बुडणारं भूपट्ट जवळजवळ आडवं सरकतं, मध्ये वितळायला तापलेला दगडच उरत नाही. मला हे उदाहरण फार आवडतं.

हिमालयात दोन खंडच एकमेकांवर आदळले. खंडांचा दगड हलका, खोल बुडायला तयार नाही. तो चेपतो, दुमडतो, जाड होत वर चढतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रात साचलेला चुनखडक आहे. या टकरीआधी मधला समुद्रतळ तिबेटखाली बुडत होता, तेव्हा तिथेही ज्वालामुखी होते. लडाखचा ग्रॅनाइट हा त्या काळी खोलवर थिजलेला शिलारस, म्हणजे वितळलेला दगड. आणि आपलंच भूपट्ट अंदमानकडे अजूनही बुडतं आहे, म्हणून भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी तिथे, बॅरन बेटावर.

सह्याद्रीची गोष्ट या दोन्हींहून निराळी. आज हिंदी महासागरात रेयुनियाँ बेट जिथे आहे, त्या ठिकाणावरून भारत उत्तरेकडे सरकत होता. खालून उष्ण दगड वर येत होता. वर येता येता त्याच्यावरचा दाब घटला आणि तो वितळला. हे वितळण्याचं दुसरं कारण. हा लाव्हा लांबच लांब भेगांतून पाझरला, पाण्यासारखा पसरला. त्यामुळे सह्याद्रीत शंकूसारखा डोंगर आणि त्याचं मुख शोधायला जाऊ नका.

मग आला उंचीचा प्रश्न. आज हिंदी महासागरात असलेल्या सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून फुटून गेला, पश्चिमेची कड उचलली गेली, आणि पावसानं, नद्यांनी ती कोरत कोरत मागे सरकवली. कड उचलली गेली ती दगड पाहून नव्हे. वर लाव्हा होता तिथे आंबोली झाली, गोव्यात जुना कातळ होता तिथे दूधसागर.

पारोड्याला चंद्रनाथाच्या डोंगरावर गेलात, तर तिथल्या उघड्या कातळावर क्षणभर हात टेकवा. तोही 250 कोटी वर्षांहून जुना. दख्खनवर लाव्हा वाहत होता, तेव्हाही तो इथेच होता.