पाच लाख अंक आणि गिऱ्हाईक भलतंच

श्रोतेहो, नमस्कार.

फुकट ते पौष्टिक, असं आपण गमतीनं म्हणतो. ब्रिटनमध्ये दहा-बारा वर्षं पुरुषांसाठीची साप्ताहिकं खरोखरच फुकट वाटली जात होती. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई, हातात घेतल्यावर विकतचाच अंक वाटावा अशी. आज त्यांच्याविषयी बोलायचंय.

आधी विकतच्या अंकांचा जमाना होता. १९९४ मध्ये 'लोडेड' निघालं. फुटबॉल, बिअर, चावट विनोद आणि मुखपृष्ठावर तोकड्या कपड्यांतली तरुणी असा सगळा मामला. 'एफएचएम' या तशाच मासिकाचा खप नव्वदीच्या अखेरीस सात लाखांवर गेला. मग २००४ च्या जानेवारीत 'नट्स' आणि 'झू' ही दोन साप्ताहिकं एकमेकांच्या उरावर बसत बाजारात उतरली. 'नट्स'च्या मागे होते माइक सूटर. पूर्वी एफएचएमचे संपादक, म्हणजे या धंद्यात मुरलेला माणूस.

याच सूटरनी सप्टेंबर २००७ मध्ये 'शॉर्टलिस्ट' काढलं आणि किंमत ठेवली शून्य! त्याच्या वर्षभर आधी खेळांना वाहिलेलं 'स्पोर्ट' असंच फुकट सुरू झालं होतं.

वाटप कसं चाले, ते ऐका. सकाळी कामावर जायची वेळ, भुयारी रेल्वेच्या तोंडाशी माणूस उभा, डाव्या हातावर अंकांची चवड. उजव्या हातानं एकेक अंक पुढे. घेणारा थांबतसुद्धा नाही, चालता चालता अंक काखेत आणि माणूस सरकत्या जिन्यावर. भुयारात तेव्हा मोबाइलला रेंज नसे. पुढची वीस-पंचवीस मिनिटं त्या माणसाला दुसरं करण्यासारखं काही नाही. सूटरनी हेरलं ते हेच.

आता बिल कोण भरणार? घड्याळवाले, मोटारवाले, दाढीच्या क्रीमवाले. बऱ्या पगाराच्या शहरी पुरुषाच्या हातात आमचा अंक पडतो, एवढं त्यांना पटवायचं, की झालं. त्यामुळे मजकूरही सोवळ्यातला. शेजारच्या सीटवर ऑफिसातली सहकारी बसलेली असताना बिनदिक्कत उघडता यावा असा. मुखपृष्ठावर नट, खेळाडू; आत सूट, सिनेमे, नवी यंत्रं आणि याद्याच याद्या. अंगप्रदर्शनाला फाटा मिळाला, त्यात सुधारणेपेक्षा हिशेब जास्त होता, असं माझं मत. तसं तर आपल्याकडेही वर्तमानपत्राच्या किमतीत त्याचा छापण्याचा खर्च निघत नाही, तो जाहिरातीच उचलतात. फक्त हे अंक दादर स्टेशनवर वाटले असते, तर अर्धे वाचकाआधी रद्दीवाल्यानं पाहिले असते, हे कबूल करायला हवं.

या फुकट अंकांनी आणि त्याहून जास्त इंटरनेटनं विकतच्यांची दाणादाण उडवली. एके काळी तीन लाखांवर खपणारं 'नट्स' साधारण ५३ हजारांवर आलं आणि २०१४ मध्ये बंद पडलं. पुढच्या वर्षी 'लोडेड' छापायचं थांबलं, पाठोपाठ 'एफएचएम' आणि 'झू' यांनीही गाशा गुंडाळला. 'एनएमई' हे १९५२ पासूनचं संगीताचं साप्ताहिक २०१५ मध्ये फुकट झालं, तीन लाखांवर प्रती वाटू लागलं, आणि २०१८ च्या मार्चमध्ये छापील अंकाला मुकलं. 'स्पोर्ट' त्याआधी, २०१७ मध्येच गेलं होतं.

खरी गंमत शॉर्टलिस्टची. त्याला शेवटपर्यंत घेणारे होते. अखेरीसही आठवड्याला पाच लाखांच्या आसपास प्रती वाटल्या जात होत्या. पण २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून तिथल्या भुयारी स्टेशनांवर वायफाय आलं, खिशातला फोन अंकाच्या आधी बाहेर येऊ लागला. त्याहून मोठा घाव जाहिरातींचा. तो पैसा गूगल आणि फेसबुककडे वळला. विकतच्या अंकाचा खप घटला की निदान छपाईचा खर्च घटतो. इथे छपाई कमी करावी, तर जाहिरातदाराला दाखवायचा आकडाच पडतो. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. डिसेंबर २०१८ मध्ये शेवटचा अंक निघाला.

सूटर यांच्याच कंपनीनं २००९ मध्ये स्त्रियांसाठी 'स्टायलिस्ट' हे धाकटं भावंड काढलं होतं, तेही फुकट. ते मात्र टिकलं, कारण सौंदर्यप्रसाधनं आणि कपडे यांच्या जाहिराती छापील पानावर तग धरून होत्या. कंपनीचं नाव तोवर 'शॉर्टलिस्ट मीडिया' होतं. थोरल्याचा अंक बंद करताना ते बदलून 'द स्टायलिस्ट ग्रुप' केलं गेलं.

नमस्कार.