दोन्हीकडून ओढ

(इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, हा कांदा चोइथराम मंडीतला. चार दिवसांपूर्वी बूड पाण्याला टेकेल असा पेल्यावर ठेवला, आणि आता त्याला ही पांढरी मुळं फुटलीत. माळव्यात कांद्याला तोटा नाही, म्हणून पेशीविभाजन शिकवायला इंदूरसारखं गाव नाही, असं मी जन्मभर सांगत आलो.

मुळाचं दोनेक मिलिमीटरचं टोक, तेवढंच आपल्या कामाचं. वाढ तिथे चालते. ते हायड्रोक्लोरिक आम्लात जरा गरम केलं की पेशींना जोडणारा चिकटा सुटतो. मग एसिटोकार्मीन या लाल रंगाचा थेंब, वर कव्हरस्लिप, त्यावर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा घसरला की संपलं. माझ्या पहिल्या स्लाइडवर गुणसूत्रांपेक्षा काचेचे तुकडे जास्त होते.

सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर मुलं हिरमुसतात. बहुतेक पेशी नुसत्या बसल्यासारख्या दिसतात. पण त्याच काळात डीएनएची दुसरी प्रत तयार होत असते. विभागणारी पेशी शोधावी लागते. जर्मनीतल्या कील इथे वाल्थर फ्लेमिंगने सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशी रंगवून अशाच शोधल्या, क्रम लावला, जिवंत पेशींत पडताळला, आणि १८८२च्या ग्रंथात त्याला नाव दिलं ‘मायटोसिस’. ग्रीक ‘मितोस’ म्हणजे धागा, त्यातही मागावरचा ताणा. महेश्वर आपल्याला जवळ. ताणा ढिला राहिला तर माग चालत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. फ्लेमिंगला एवढं अभिप्रेत नसेल, पण नाव चपखल बसलं.

पूर्वावस्थेत, म्हणजे पहिल्या टप्प्यात, डीएनएचे धागे गुंडाळून आखूड, जाड होतात. हीच गुणसूत्रं. प्रत्येक गुणसूत्र आता जुळं, दोन सारखे अर्धे गुणसूत्रबिंदू या एका जागी जखडलेले. कांद्यात अशी १६. केंद्रकाचं आवरण विरतं.

मध्यावस्थेशी मात्र मला थांबायचंय, कारण पेशीही इथेच थांबते. पुस्तकात गुणसूत्रं मधोमध शिस्तीत उभी दाखवतात, जणू शाळेची प्रार्थना. खरं तर तिथे रस्सीखेच चाललेली असते. सूक्ष्मनलिका म्हणजे प्रथिनांच्या बारीक दोऱ्या; त्यांचा चातीसारखा सांगाडा पेशीत उभा राहतो, त्यालाच चाती म्हणतात. तिच्या दोन टोकांकडून या नलिका चाचपडत येतात. जुळ्यातला एक अर्धा इकडे, दुसरा तिकडे बांधला गेला की ताण येतो, आणि ताण आला तरच ती गाठ टिकते. दोन्ही अर्धे एकाच बाजूला बांधले गेले, तर गाठ सुटते आणि पुन्हा खटपट. एकही गुणसूत्र नीट बांधायचं राहिलं, तर बाकी सगळी खोळंबतात. पंगतीत शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत कोणी घास घेत नाही, तसं.

सगळ्यांना वाढून झालं की जुळ्यांना बांधणारं कोहेसिन नावाचं प्रथिन कापलं जातं. ही पश्चावस्था. काही मिनिटांत अर्धे दोन टोकांना. पुढे अंत्यावस्था: दोन केंद्रकं, त्यांना नवी आवरणं. मग कांद्याची पेशी मधूनच भिंत बांधायला घेते, ती कडांपर्यंत वाढत जाते. आपली पेशी उलट बाहेरून आवळते, पिशवीची नाडी ओढावी तशी.

आता कळलावी. अंगणातल्या कुंपणावर तिची लाल-पिवळी फुलं पाहिली असतील. जहाल विषारी, चाखायची नाही. तिच्यात कोल्चिसीन असतं. ते सूक्ष्मनलिका बांधूच देत नाही. चाती नाही, म्हणून ओढ नाही, म्हणून पेशी तिथेच अडकते. याच अडकवण्याचा उपयोग करून स्वीडनमधल्या लुंड इथे त्यो आणि लेव्हान यांनी माणसाची गुणसूत्रं मोजली आणि १९५६मध्ये आकडा छापला: ४६. त्याआधी तीसेक वर्षं सगळे ४८ म्हणत होते! आपल्या सदाफुलीतलं व्हिंक्रिस्टीनही याच जागी घाव घालतं. रक्ताच्या कर्करोगात ते देतात.

चला, टेबलाकडे या. पहिल्या दोन सूक्ष्मदर्शकांत साधी मुळं आहेत. तिसऱ्यात कोल्चिसीन दिलेलं. तिथे रांग लागलेलीच नाही, गुणसूत्रं विखुरलीत. मोजून बघा, १६ भरतात का. फक्त मोठ्या चक्राला हात लावू नका, स्लाइड फुटते. माझा अनुभव आहे.