नाव तेच, मालक तिसराच

नमस्कार मंडळी. मागे उभे आहात ते पुढे या बघू, पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत, दादरमध्ये एवढी जागा फुकट परत मिळणार नाही. तर पत्रिकेवर विषय छापलाय 'वाद्य-कंपन्यांचं एकत्रीकरण आणि भारतीय वाद्यांचं भवितव्य'. तो मी नाही ठरवला हं, मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की मला एका कीबोर्डबद्दल बोलायचंय. (हशा)

भावगीतांच्या कार्यक्रमात साथीला म्हणून घेतलेला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण ती आता नेमकी कोणाची आहे हेच मला सांगता येणार नाही. चांगला चालला काही वर्षं, मग आपल्याकडच्या पावसाळ्याने हिसका दाखवला. मधल्या सप्तकातला ग आणि प, हळू दाबा नाहीतर जोरात, एकदम बोंब ठोकायचे. गायिका 'शांत' म्हणतेय आणि हा ग तिच्या अंगावर ओरडतोय, अशी अवस्था. आता हे का होतं ते सांगतो, फार मजेशीर आहे. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या दोन छोट्या टोप्या असतात, त्यांच्या आत काळ्या कार्बनचा ठिपका. पट्टी दाबली की आधी एक टोपी टेकते, मग दुसरी, आणि मध्ये किती वेळ गेला त्यावरून मशीनला कळतं की तुम्ही प्रेमाने दाबलंय की रागाने. एका ठिपक्यावर ओल-धूळ बसली की मशीनचं गणितच चुकतं, त्याला वाटतं माणूस भयंकर संतापलाय.

म्हणजे बिघाड किरकोळ. मी सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर तिथे कळलं की कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली, त्या कंपनीचा इथला डिस्ट्रिब्युटर वेगळा, आणि त्याच्या सिस्टीममध्ये माझा मॉडेल नंबरच नाही. मी म्हटलं अहो, मशीन माझ्यासमोर आहे, त्यावर नाव आहे, तुमच्या पाटीवरही तेच नाव आहे. तर म्हणे सर, नाव आम्ही घेतलंय, जुने मॉडेल नाही घेतले. मी हे वाक्य डायरीत लिहून ठेवलंय. मग मी हेड ऑफिसला ईमेल केला, दोन दिवसांत उत्तर आलं, आणि उत्तरात काय, तर नवीन मॉडेलवर सवलत.

शेवटी लॅमिंग्टन रोडला एका गाळ्यात गेलो, म्हणजे गाळा कसला, जिन्याखालची जागा. तिथल्या मुलाने मागची स्क्रूंची रांग काढली, रबराची पट्टी उचलली, अल्कोहोल लावून इअरबडने एकेक ठिपका पुसला, एक पट्टी फाटलेली होती ती काढून टाकली आणि मागच्या खोक्यातून एका मेलेल्या कीबोर्डची पट्टी काढून बसवली. तो कीबोर्ड भलत्याच कंपनीचा! मी म्हटलं अरे, ही कशी बसली? तो मान वर न करता म्हणाला, 'काका, वरचं नाव वेगळं असतं, आतलं सगळं एकाच साच्यातून निघतं.'

बस, हेच माझं व्याख्यान. (टाळ्या) नाही नाही, संपलं नाही अजून, त्याने जे दोन शब्दांत सांगितलं ते मी आता अर्धा तास सांगणार आहे.

ही भानगड काही आजची नाही. १९६५ च्या जानेवारीत लिओ फेंडरने आपली गिटारची कंपनी सीबीएसला विकली, १ कोटी ३० लाख डॉलरला. सीबीएस म्हणजे रेडिओ-टीव्हीवाले. त्यांनीच आदल्या वर्षी न्यूयॉर्क यांकीज ही बेसबॉल टीम घेतली होती, ८० टक्के हिस्सा १ कोटी १२ लाखांना. एकाच पिशवीत बेसबॉल आणि गिटार, पुढे १९७२ ला स्टाईनवे पियानोही त्याच पिशवीत. लिओची तब्येत ठीक नव्हती, त्याला वाटत होतं आता काही खरं नाही, म्हणून विकून मोकळा झाला, आणि नंतर पुढची पंचवीस एक वर्षं ठणठणीत जगला. आणि परत गिटारी बनवायला लागला, पण स्वतःचं नाव काही त्यावर टाकता येईना! फेंडर हे नाव आता दुसऱ्याच्या मालकीचं. मग जॉर्ज नावाच्या जुन्या सहकाऱ्याबरोबर जी अँड एल काढली, जॉर्ज आणि लिओ, झालं. इकडे सीबीएसच्या काळातल्या गिटारी लोकांना इतक्या खटकल्या की आजही जुन्या बाजारात 'प्री-सीबीएस', म्हणजे सीबीएसच्या आधीची, म्हटलं की किंमत चढते. मालक बदलल्याची तारीखच मालाची प्रत ठरवते, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. १९८५ ला कर्मचाऱ्यांच्याच एका गटाने कंपनी परत विकत घेतली, १ कोटी २५ लाखांना. म्हणजे वीस वर्षं सांभाळून सीबीएसने घेतली त्याहून स्वस्तात दिली, आणि त्यात कारखान्याची इमारत नव्हती! नाव मिळालं, छप्पर नाही. सुरुवातीला जपानमध्ये बनवून घेऊन विकाव्या लागल्या.

गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीचं उलटं झालं. त्यांच्या नॉर्लिन नावाच्या मालकाने १९८४ ला अमेरिकेतल्या कॅलमझू गावचा मूळ कारखाना बंद केला, काम नॅशव्हिलला नेलं. कॅलमझूचे काही जुने कारागीर म्हणाले आम्ही नाही येत, आणि पुढच्या वर्षी त्याच इमारतीत हेरिटेज नावाने गिटारी बनवायला लागले. आता मला सांगा, खरी गिब्सन कुठली? नाव नॅशव्हिलला, हात आणि भिंती कॅलमझूला. ह्याच नॉर्लिनकडे मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, तेही होतं बरं का, ते बनवणारा बॉब मूग १९७७ ला तिथून बाहेर पडला, आणि स्वतःचं आडनाव वाद्यावर लावायला त्याला २००२ उजाडावं लागलं. गिरीश मागून खुणा करतोय, घड्याळ दाखवतोय, दिसलं मला.

एक मिनिट, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या संगीत नाटकातला पायाचा ऑर्गन आठवा. परदेशातून आलेला, कसरिएल वगैरे पॅरिसचे लोक बनवायचे. त्या कंपन्या कधीच गेल्या, पण त्यातले काही ऑर्गन अजून वाजतायत. कारण आत पितळी रीड, लाकूड, चामडं आणि भाता, उघडलं की डोळ्याला दिसतं काय बिघडलंय ते. कंपनी मेली तरी सुताराने आणि पेटीवाल्याने वाद्य जगवलं. माझ्या कीबोर्डची कंपनी मेलेली नाही, चांगली मोठी झालीय, आणि तरी वाद्य अनाथ.

बरं, आता दहा मिनिटंच आहेत म्हणे, नंतर इथे बारसं आहे. तर पत्रिकेवरचा विषय पळत पळत.

एवढ्या कंपन्या थोड्याच हातांत का गेल्या? एक तर संस्थापक म्हातारे होतात, मुलांना रस नसतो, आणि गिऱ्हाईक नावाला पैसे देतं, त्यामुळे नाव विकायला सोपं, कारागीर विकता येत नाही. दुसरं, कारखाने थोडे झाले. इंडोनेशियात सुराबायाला कॉर्टेकच्या कारखान्यात स्वतःच्या कॉर्ट गिटारीही बनतात आणि पीआरएस या दुसऱ्या कंपनीच्या गिटारींची स्वस्त एसई मालिकाही, तेव्हा दुकानाच्या भिंतीवरची स्पर्धा कितपत खरी ते तुम्हीच ठरवा. तिसरं कर्ज. गिब्सनने २०१४ ला फिलिप्सचा घरगुती ऑडिओचा धंदा घेतला, २०१८ ला दिवाळखोरीत गेली, मग केकेआर नावाचे गुंतवणूकदार आले. २०१३ ला स्टाईनवे ५१ कोटी २० लाख डॉलरला पॉलसन नावाच्या हेज फंडवाल्याने, म्हणजे बड्या लोकांचे पैसे गुंतवणाऱ्याने, घेतली. मूग २०२३ ला इनम्युझिक नावाच्या कंपनीकडे गेली, त्यांच्याकडे अकाई, अलेसिस, एम-ऑडिओ ही नावं आधीच होती.

सगळं वाईटच असंही नाही, उगाच गळा काढू नये. बोझेनडॉर्फर ही पियानोची कंपनी यामाहाने २००८ ला घेतली, पियानो अजून ऑस्ट्रियातच बनतात. सिक्वेन्शियल हे सिंथेसायझरचं नाव यामाहाने २०१५ ला मूळ मालक डेव्ह स्मिथला परत केलं, आणि त्यासाठी शब्द टाकला कोणी, तर प्रतिस्पर्धी रोलंडच्या संस्थापकाने. यामाहाने चेन्नईला कारखाना काढला, तबला-तानपुऱ्याचे आवाज असलेले कीबोर्ड तिथे बनतात, ते छोट्या कंपनीला परवडलं नसतं.

आणि आपली वाद्यं? मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे त्या गावाच्या मालाचं सरकारी मानांकन, मिळालं, चांगलं झालं. हे नाव एकाच कोणाला विकत घेता येणार नाही, कारण ते गावाचं आहे. पेटीचंही तसंच वाटतं मला, रीड पालिताण्याची, लाकूड आणि हात इथले, मालक जिना चढल्यावर भेटतो. अडचण एवढीच की त्याचा मुलगा बँकेत आहे. यावर माझ्याकडे उपाय नाही, पुढच्या वक्त्याला विचारा.

मुलांसाठी कीबोर्ड घ्यायला जाल तेव्हा डेमो नंतर ऐका, आधी विचारा याची रबर पट्टी मिळते का, कुठे मिळते, आणि सुटी मिळते की अख्खा बोर्डच बदलायला सांगता. दुकानदार गडबडला तर चहा पिऊन बाहेर पडा. लॅमिंग्टन रोडचा पत्ता ज्यांना हवाय त्यांनी जिन्यापाशी भेटा, इथे नको, बारशाची मंडळी खुर्च्या उचलायला आलीत.