भाड्यासाठीच बांधलेलं घर

श्रोतेहो, नमस्कार.

माझा जन्म वरळीच्या बीडीडी चाळीतला. गेली पाच वर्षं मी पूर्व लंडनमधल्या एका उंच इमारतीत, अठराव्या मजल्यावर, नवरा आणि मुलीसोबत भाड्यानं राहते. या दोन पत्त्यांचं एकमेकांशी नातं आहे, हे मला फार उशिरा उमगलं. दोन्हीकडची घरं विकण्यासाठी बांधलेली नव्हती. पाया खणला तेव्हापासून ती भाड्यानं देण्यासाठीच होती.

लंडनमध्ये अशा इमारतीला ‘बिल्ड टू रेंट’ म्हणतात. एरवी तिथे भाड्याचं घर म्हणजे कुणा एकाचा फ्लॅट. त्याला विकावासा वाटला की भाडेकरूनं सामान बांधायचं. इथे अख्खी इमारत एका कंपनीची असते. तिच्यामागे बऱ्याचदा पेन्शन फंडांचा किंवा विमा कंपन्यांचा पैसा असतो आणि त्यांना वर्षानुवर्षं येणारं भाडं हवं असतं. असा पैसा भाड्याच्या घरांत यावा, यासाठी 2012 साली सर एड्रियन माँटेग्यू यांनी ब्रिटिश सरकारला अहवाल दिला होता. त्यानंतर अशा इमारती झपाट्यानं उभ्या राहिल्या.

आता वरळी. 1920 साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. तेच बीडीडी. कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवून पैसा उभा करायचा आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 चाळी झाल्या. एका चाळीत 80 खोल्या, एक खोली 160 चौरस फुटांची. आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी, की सुरुवातीला त्यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. ज्या गिरणी कामगारासाठी त्या बांधल्या, त्यालाच भाडं झेपत नव्हतं.

लंडनला जाण्याआधी मी पुण्यात एका रुग्णालयात नर्स होते. चार वर्षांत तीन घरं बदलली. दर अकरा महिन्यांनी करार, दर वेळी दलालाला एक महिन्याचं भाडं, आणि घर दाखवण्याआधी ठरलेले प्रश्न. आडनाव काय? नॉनव्हेज खाता का? लग्न झालंय का? रात्रपाळी करून पहाटे घरी येणारी एकटी मुलगी म्हटल्यावर दोन ठिकाणी दारातूनच नकार मिळाला. एका घरी गिझर बंद पडला. दुरुस्तीसाठी मालकांना फोन करताना जणू उपकार मागावेत तसा आवाज लहान व्हायचा. तो आवाज मला अजून आठवतो.

लंडनच्या इमारतीत मला आडनाव विचारलं ते फक्त कागदावर लिहिण्यासाठी. पगार मात्र नीट तपासला. वर्षाचं उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या तीसपट हवं, असा तिथला सर्वसाधारण प्रघात आहे. आम्हा दोघांच्या पगारात ते जेमतेम बसलं. अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी. सहसा त्याहून जास्त घेता येत नाही, असा 2019 चा कायदा आहे, आणि ती रक्कम सरकारमान्य योजनेखाली सुरक्षित ठेवावी लागते. दलाली नाही. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. फोनवरच्या ॲपमध्ये फोटो टाकला, दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस आला, वॉशर बदलला, निघून गेला. मी त्याला चहा विचारला तर तो अवघडला. दार लावून घेतलं आणि मला रडू आलं. कुणाची मिनतवारी न करता आपल्या घरातला नळ दुरुस्त होतो, ही गोष्ट माझ्यासाठी मोठी होती. ती मी कमी लेखणार नाही.

खाली पार्सलची खोली, व्यायामशाळा, सगळ्यांसाठी एक प्रशस्त दिवाणखाना. तिथे दर महिन्याला व्यवस्थापनाचा कार्यक्रम असतो, कधी योग, कधी चित्रकला. मी हौसेनं जायची. चेहरे ओळखीचे झाले की पुढच्या वर्षी ते दिसत नसत. आमच्या समोरच्या दारामागे पाच वर्षांत तीन कुटुंबं आली. दुसऱ्या कुटुंबातली मुलगी माझ्या लेकीच्याच वर्गात होती. एके दिवशी त्यांना भाडेवाढीचा ईमेल आला आणि दीड महिन्यात ते शहराबाहेर गेले. लेक कित्येक दिवस लिफ्टमधून बाहेर पडली की त्याच दाराकडे बघायची.

चाळीत असं कधी झालं नाही. समोरच्या खोलीतल्या मावशी माझ्या जन्माच्या आधीपासून तिथे होत्या. आईला दिवाळीचा फराळ एकटीनं करावा लागला नाही, आजीच्या शेवटच्या आजारपणात रात्री जागायला माणसं कमी पडली नाहीत. आम्ही त्याला चाळीची माया म्हणतो. पण नुसती माया नव्हती ती. कुणी कुठे जाणार नाही, याची खात्री होती. आज मी तुमच्यासाठी रात्र जागवली तर वीस वर्षांनी तुम्ही इथेच असाल, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेजार जुळायला मुक्काम लागतो. तो व्यवस्थापनाला कार्यक्रम ठेवून जुळवता येत नाही.

चाळीचं कौतुक करताना मी तिथले संडास विसरलेली नाही. पावसाळ्यात छताचे पोपडे ताटात पडायचे. बाबा भरायचे ते भाडं इतकं थोडं होतं, की त्यातून दुरुस्ती व्हायची नाही हे उघड होतं. मुंबईतल्या खाजगी चाळींची तर याहून वाईट गत झाली. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी 1940 च्या पातळीवर बांधून ठेवली. माणसांना छप्पर मिळालं, पण मालकाला इमारतीत रस उरला नाही. वर्षाला चार टक्के वाढीची मुभा आली ती 1999 च्या कायद्यानं. तोवर कितीतरी भिंती टेकूवर आल्या होत्या. म्हणून कुणी मला म्हणालं की भाडं कायमचं गोठवा, तर मी हो म्हणणार नाही. आणि बाजार नेईल तिथे जाऊ द्या म्हणालं, तरी नाही म्हणेन. वाढ किती होणार हे आधी कळावं, ती पगाराच्या आवाक्यात असावी, आणि तिच्या बदल्यात भिंत शाबूत राहावी. एवढं मागणं मला अवाजवी वाटत नाही.

आमच्या इमारतीत शेजार खरा सुरू झाला तो एका जानेवारीत. इमारतीला गरम पाणी आणि ऊब तळघरातल्या एकाच यंत्रणेतून मिळते. ती बंद पडली आणि चार दिवस गेले. बाहेर शून्याखाली तापमान. ॲपवर एकच उत्तर येत होतं, काम सुरू आहे. दुसऱ्या संध्याकाळी शेवटच्या दारातल्या घानाच्या बाईंनी आमची बेल वाजवली. त्यांच्याकडे सहा महिन्यांचं बाळ होतं. माझ्याकडे विजेचा हीटर होता, तो आमच्या बैठकीच्या खोलीत लावला आणि दोन्ही घरं तिथेच झोपली. मी मुगाची खिचडी टाकली. चौथ्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या अकरा घरांचा व्हॉट्सॲप गट झाला होता, आमचा आम्ही केलेला.

गरम पाणी आलं, गट राहिला. मग बिलं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. घरगुती गॅस आणि विजेच्या दरावर तिथे सरकारी मर्यादा असते, पण अशा सामायिक यंत्रणेच्या उष्णतेला ती लागू नव्हती, आणि दुसरा पुरवठादार निवडायची सोय नव्हती. आम्ही सगळ्यांच्या सह्यांचं पत्र दिलं. स्थिर आकाराचा हिशेब मागितला. तीन स्मरणपत्रांनंतर तो मिळाला, आणि त्या चार दिवसांचे पैसे परत आले. रक्कम लहान होती. पण ती आम्ही मिळून मिळवली होती.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं इंग्लंडमध्ये भाड्यानं राहत असतील, म्हणून हे सांगते. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथे भाडेकरूंच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्यातली मुख्य कलमं लागू होण्याची तारीख 1 मे 2026, आपला महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. 1988 च्या कायद्यानुसार घरमालक काहीही कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर रिकामं करून घेऊ शकत असे. या कायद्यानं ते बंद होतं. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं, तेही दोन महिने आधी कळवून. वाढ जास्त वाटली तर न्यायाधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे मालकानं मागितल्यापेक्षा जास्त भाडं ठरत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. दाद मागितली तर उलट भाडं वाढेल, या भीतीनं माणसं गप्प बसतात.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या 556 कुटुंबांना घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यात आईबाबा होते. पाचशे चौरस फूट, स्वतःच्या मालकीचे. व्हिडिओ कॉलवर आईनं सगळ्या खोल्या दाखवल्या, मग दार उघडून बाहेरचा पॅसेज दाखवला. समोरचं दार बंद होतं. म्हणाली, मावशींना दुसऱ्या मजल्यावर घर लागलंय, पण मी रोज लिफ्टनं जाऊन येते. मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, तुमचं घर तुमचं कधी होणार? मी तिला म्हटलं, आई, लंडनमध्ये ते आमच्या आवाक्यात नाही. पण इथून हलायचं नाही, एवढं मनाशी धरलंय.

आमच्या इमारतीत दाराला चावी नसते, एक छोटं कार्ड असतं. शेवटच्या दारातल्या बाई हल्ली रात्रपाळीला जातात. त्यांच्या घराचं जादा कार्ड आमच्या दारामागच्या खुंटीवर लटकलेलं असतं, माझ्या लेकीच्या दप्तराशेजारी.

नमस्कार.