मॉडेल रेल्वेच्या नॅरो गेज (अरुंद रुळांच्या) लेआउटसाठी रूळ कोणते घ्यायचे?

(दृश्य: टेबलावर रुळांचे दोन तुकडे, शेजारी शेजारी.)

दोन्हींत रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. डावा एन गेजचा, म्हणजे मेन लाइनच्या छोट्या मॉडेलांचा; उजवा खास नॅरो गेजसाठी बनवलेला. डाव्याचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, बारीक आणि दाटीवाटीने बसलेले. उजव्याचे रुंद, विरळ, जरा वाकडेतिकडे. इंजिन दोन्हींवर धावेल, पण डाव्यावर ते दुसऱ्याच्या रुळांवर उभं केल्यासारखं दिसेल.

म्हणून खरेदीआधी ठरवायचं, लाइन कुठली करायची. महाराष्ट्रातली हमखास माप माहीत असलेली दोन उदाहरणं म्हणजे १८९७ची बार्शी लाइट रेल्वे आणि १९०७ची नेरळ-माथेरान. बार्शीचं गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर होतं. १:८७ प्रमाणात, म्हणजे मूळ मापाच्या ८७व्या भागात, ते पावणेनऊ मिलिमीटर भरतं, म्हणजे ९चा रूळ जवळपास चपखल. माथेरानचं ६१० मिलिमीटर, प्रमाणात सातच. त्याला झेड गेजचा, म्हणजे एनहून लहान मॉडेलांचा, साडेसहाचा रूळ जास्त जवळचा, पण त्यावर चालणाऱ्या गाड्या मोजक्याच मिळतात. माथेरान करायचं असलं तरी तडजोड करून ९च घ्या.

(दृश्य: कॅलिपरने स्लीपर मोजणारा हात.)

आता स्लीपर. नॅरो गेजचा लाकडी स्लीपर साधारण १५०० मिलिमीटर लांब, १८० रुंद. १:८७मध्ये तो १७ बाय २ मिलिमीटर भरतो, आणि दोन स्लीपरच्या मध्यांतलं अंतर ८ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. एन गेजमध्ये ते जेमतेम निम्मं असतं. बजेट कमी असेल तर एन गेजचा फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारा लांब रूळ) उलटा करा, स्लीपरना जोडणारे प्लॅस्टिकचे पूल कटरने कापा आणि स्लीपर सरकवून विरळ करा. लांबी जरा कमीच राहते, पण खडी पडली की ते फारसं जाणवत नाही.

रुळाची उंची मात्र लपत नाही. पेको कंपनीचा ९ मिलिमीटरचा नॅरो गेज फ्लेक्स कोड ८०चा, म्हणजे रूळ २.०३ मिलिमीटर उंच. ८७ने गुणलं तर खऱ्या मापात १७७ मिलिमीटर! मेन लाइनचा ६० किलोचा रूळसुद्धा १७२चाच असतो. कोड ५५ची उंची १२२पर्यंत येते. ती डोळ्याला पटते. कोड ४० आणखी देखणा, पण जुन्या चाकांच्या खोल कडा त्याच्या खिळ्यांवर खडखडतात. आधी जवळचे डबे तपासा, मग रूळ मागवा. बाजूला गंजाचा रंग दिला की कोड ८०सुद्धा बराच बुटका भासतो.

पैसे वाचवायचे असतील तर सरळ रुळांत वाचवा, पॉइंटमध्ये (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या तुकड्यात) नको. चार चाकांच्या छोट्या इंजिनाची चाकं इतकी जवळ असतात की प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर, म्हणजे पॉइंटमध्ये रूळ एकमेकांना छेदतात त्या जागी, ते हटकून थांबतं. वीज वाहणारा, धातूचा फ्रॉग घ्या. मात्र फ्रॉगमधून बाहेर पडणाऱ्या दोन्ही रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर लावा, नाहीतर पॉइंट फिरवताच शॉर्ट होईल. पॉइंटच्या सरकत्या पात्यांच्या टेकण्यावर विजेसाठी भिस्त ठेवू नका. वीज तुटायला रंगाचा एक थेंब पुरतो. फ्रॉगला वेगळ्या स्विचमधून वीज द्या.

वळणाची त्रिज्या सगळ्यांत लांब डब्याच्या तिप्पट धरा. १०० मिलिमीटरचा डबा असेल तर ३००. तयार तुकड्यांतलं २२८चं वळण छोट्या इंजिनांना ठीक. लांब डबे तिथे एकमेकांना ढकलतात. वळणात जोड येत असेल, तर दोन फ्लेक्स सरळ असतानाच सोल्डर करा आणि मग वाकवा. नाहीतर जोडावर कोन पडतो आणि गाडी नेमकी तिथेच उतरते.

(दृश्य: जोडात घातलेला कागदाचा तुकडा.)

नाशकात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला, थंडीत दहाच्या खाली. ३० अंशांच्या फरकाने ९१४ मिलिमीटरचा रूळ जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतो. डिसेंबरात बसवत असाल तर सोल्डर न केलेल्या जोडांत तेवढी फट ठेवा. मे महिन्यात बसवला तर फट जवळजवळ नकोच. पावसाळ्यात रुळापेक्षा फळी जास्त हलते, म्हणून १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या आणि त्याच्या कडांनाही रंग द्या.

खडी टाकण्याआधी सगळ्यांत लांब डबा बोटाने सावकाश ढकला. टक् वाजलं, तिथे फाइलने (कानशीने) घासा. आणि खडी चिकटवायचा पातळ डिंक पॉइंटच्या पात्यांपासून लांब ठेवा; तो वाळला की पातं जागचं हलत नाही.