फलकावर नाव कोणाचं?

नमस्कार श्रोतेहो. युद्धनौका नौदलात दाखल झाली, की ती आमच्याच सरकारची, असं प्रत्येक पक्ष म्हणतो.

१५ जानेवारी २०२५ ला मुंबईच्या नौदल गोदीत एकाच दिवशी तीन लढाऊ जहाजं नौदलात दाखल झाली. ‘सूरत’ ही विनाशिका, ‘निलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘वागशीर’ ही पाणबुडी. तिन्ही आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली. समारंभ पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते झाला. आता या तिन्हींच्या करारांच्या तारखा बघू. वागशीर ज्या सहा पाणबुड्यांच्या मालिकेतली शेवटची, तिचा करार ऑक्टोबर २००५ चा. पंतप्रधान मनमोहन सिंग, संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी. त्यामागचा तीस वर्षांचा पाणबुडी आराखडा १९९९ चा, म्हणजे वाजपेयींच्या काळातला. सूरतचा करार जानेवारी २०११ चा, ए. के. अँटनी संरक्षणमंत्री असतानाचा. निलगिरीचा फेब्रुवारी २०१५ चा, तेव्हा मनोहर पर्रीकर त्या खुर्चीत होते. तीन जहाजं, तीन संरक्षणमंत्री, आणि मांडव एक.

श्रेयाच्या या दाव्यांत कोणी खोटं बोलतं असं नाही. युद्धनौकेला जन्मतारखाच इतक्या असतात, की ज्याला जी सोयीची ती त्यानं उचलावी. आधी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची मंजुरी, मग करार, मग पोलादाचा पहिला पत्रा कापणं, कणा बसवणं, जलावतरण, सागरी चाचण्या, ताबा, आणि शेवटी नौदलात दाखल होणं. यातल्या निदान तीन प्रसंगांना मांडव पडतो, नारळ फुटतो, पाहुणे येतात.

कणा बसवण्याचंच घ्या. लाकडी गलबताच्या काळात कणा म्हणजे खरोखरच पहिलं लाकूड. आता जहाज ठोकळ्या-ठोकळ्यांनी बांधतात. कार्यशाळेत एकेक ठोकळा जोडायचा, त्यात जमतील तितके पाइप आतच बसवून घ्यायचे आणि मग क्रेननं उचलून गोदीत आणायचा. कोचीन शिपयार्डमध्ये ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाचा कणा २८ फेब्रुवारी २००९ ला बसला, तेव्हा ८७४ पैकी ४२३ ठोकळे तयार होऊन पडले होते. पोलाद कापायला एप्रिल २००५ मध्येच सुरुवात झाली होती. आणि कणा बसला त्यानंतर दोनच दिवसांनी, २ मार्चला, लोकसभा निवडणुकीची घोषणा झाली. दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. २८ सप्टेंबर २०१९ ला मुंबईत राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत एकाच दिवसात ‘खांदेरी’ पाणबुडी दाखल झाली आणि निलगिरीचं जलावतरण झालं. महाराष्ट्रात २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. पंचांग सगळ्यांकडेच असतं.

जलावतरणाचा फोटो सर्वांत फसवा. जहाज तरंगतं, फुगे उडतात, पाहणाऱ्याला वाटतं झालं काम. प्रत्यक्षात तेव्हा ते बरंचसं पोकळ कवच असतं. विक्रांतचं जलावतरण ऑगस्ट २०१३ मध्ये झालं आणि नौदलात ती दाखल झाली २ सप्टेंबर २०२२ ला. मधली नऊ वर्षं कुठे गेली? यंत्रं बसवण्यात, केबल ओढण्यात, सुमारे २३०० कप्पे सजवण्यात आणि चाचण्यांत. उशीर त्याआधीही झालाच होता. रशियाकडून अपेक्षित पोलाद आलं नाही, म्हणून हैदराबादच्या धातू प्रयोगशाळेनं आणि ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीनं मिळून ते इथेच तयार केलं. पुढे गिअरबॉक्स रखडले आणि डिझेल जनरेटरांना वाहतुकीत अपघात झाला. या तीनही गोष्टींच्या वेळी कुठल्याच पक्षाचा झेंडा आजूबाजूला नव्हता.

पाणबुडीत तर एक वस्तू चुकली की मागची सगळी रांग थांबते. वागशीरची मालिका स्कॉर्पिन जातीची. अशा एका बोटीची लांबी साधारण ६७ मीटर. तेवढ्यात सुमारे ११ किलोमीटर पाइप आणि ६० किलोमीटर केबल बसवायची. शिवाय बॅटरीचे ३६० सेल, प्रत्येकी ७५० किलोचे. म्हणजे नुसत्या बॅटऱ्याच २७० टन. जागा इतकी तंग की आधी आतला पाइप, मग बाहेरचा, मग त्यावर केबल, हा क्रम मोडता येत नाही. आतला एखादा व्हॉल्व्ह परदेशातून यायचा राहिला, की बाकी सामान गोदामात पडून आणि फिटर हात चोळत. या प्रकल्पात माझगाव डॉकनं स्वतः खरेदी करायच्या सामानाचे करार लांबले, तिथंच वेळापत्रक घसरलं. पहिली बोट २०१२ ला मिळायची होती. ‘कलवरी’ दाखल झाली १४ डिसेंबर २०१७ ला.

आता ताबा आणि दाखल होणं यांतला फरक. ताबा म्हणजे गोदीनं जहाज नौदलाच्या हवाली करून स्वीकृतीच्या कागदावर सह्या करणं. सूरत आणि निलगिरीचा ताबा २० डिसेंबर २०२४ ला झाला, वागशीरचा ९ जानेवारीला. दाखल करताना कप्तान अधिकारपत्र वाचतो, निशाण चढतं, डोलकाठीवर लांबट पताका सुटते, फलकाचा पडदा सरकतो. गोदीचं काम ताब्याच्या दिवशीच उरकलेलं असतं. समारंभाची तारीख पाहुण्यांच्या सोयीनं ठरू शकते, आणि फलकावर नाव चढतं ते त्या तारखेचं.

ज्या निर्णयाला फलक नसतो, तो जास्त महत्त्वाचा असू शकतो. १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीशी करार झाला. दोन पाणबुड्या तिकडे बांधल्या आणि दोन माझगावात, ‘शल्की’ १९९२ ला आणि ‘शंकुल’ १९९४ ला दाखल झाल्या. १९८७ मध्ये त्या सौद्यातल्या दलालीचा गाजावाजा झाला आणि पुढची मागणी थांबली. पाणबुडीचं कवच जोडणारा वेल्डर घडायला वर्षं लागतात. काम नसलं की तो दुसरीकडे जातो. १९९४ नंतर मुंबईत बांधलेली पुढची पाणबुडी दाखल व्हायला तेवीस वर्षं लागली. या तेवीस वर्षांचं श्रेय घ्यायला कुणी पुढे येत नाही, आणि त्यात काँग्रेस, जनता दल, भाजप सगळ्यांची सरकारं येऊन गेली.

हत्याराचंही तेच. स्कॉर्पिनसाठी इटलीच्या कंपनीकडून ९८ टॉर्पेडो घ्यायचे ठरत होते. त्याच समूहाच्या हेलिकॉप्टर सौद्यातल्या लाचेचं प्रकरण निघालं आणि ती खरेदी बारगळली. नव्या बोटी जुन्या टॉर्पेडोंवर निभावत राहिल्या. देशी जड टॉर्पेडो या बोटींत बसवण्याचा करार झाला ३० डिसेंबर २०२४ ला, सुमारे ८७७ कोटींचा. सोबत पाण्याखाली जास्त दिवस राहता यावं म्हणून हवेवाचून वीज देणाऱ्या यंत्रणेचा, सुमारे १९९० कोटींचा. सह्या दिल्लीत झाल्या. सोळा दिवसांनी मुंबईत वागशीरवर निशाण चढलं, तेव्हा यातलं काहीच तिच्यात बसलेलं नव्हतं.