बदामची राणी, पटावरचा वजीर आणि १५ इंचांचं दार

नमस्कार, श्रोतेहो.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत आमच्या सोसायटीतल्या मुलांनी ‘ॲलिस इन वंडरलँड’चं वीस मिनिटांचं नाटुकलं केलं. तालमी गच्चीवर व्हायच्या, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. चौथ्या का पाचव्या तालमीला ॲलिस झालेली मुलगी मध्येच थांबली. चौथीतली पोर. वही मिटली आणि मला म्हणाली, “काकू, पण हिला नक्की हवंय काय?”

मी म्हटलं, “सशाच्या मागे जायचंय.”

“ते सुरुवातीला. नंतर ससा दिसतच नाही, तरी ही फिरतेय. घरी जायचंय का हिला?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. आणि हे मी सांगतेय ती ॲलिसवर जीव टाकणारी बाई आहे. आमचा पाच-सहा जणांचा एक गट आहे. ॲलिसवर निघालेला जो सिनेमा मिळेल, ज्या नाटकाचं नाहीतर बॅलेचं चित्रीकरण हाती लागेल, ते आम्ही पाहतो आणि मग भांडतो. रात्री जेवणं उरकल्यावर सुरू झालेलं भांडण दूधवाला येईपर्यंत चाललेलं मला आठवतंय. एकीला डिस्नेच्या ॲलिसपुढे दुसरी दिसत नाही. एक मित्र चेक दिग्दर्शकाच्या पेंढा भरलेल्या सशावर फिदा आहे. मी बीबीसीच्या कृष्णधवल ॲलिसची. पण त्या मुलीनं विचारला तो प्रश्न आमच्यापैकी कुणीच कधी इतका सरळ विचारला नव्हता. आज तोच हाताशी धरून तुमच्याशी बोलायचं आहे.

गोष्टीचा जन्म तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ४ जुलै १८६२. ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणारे चार्ल्स डॉजसन, त्यांचे मित्र रॉबिन्सन डकवर्थ आणि डॉजसन यांच्या कॉलेजचे प्रमुख लिडेल यांच्या घरच्या तीन बहिणी होडीतून जवळच्या गॉडस्टोला निघाल्या होत्या. मधली ॲलिस, दहा वर्षांची. वल्ही मारता मारता डॉजसननी गोष्ट रचली, आणि १८६५ मध्ये लुईस कॅरल या नावानं ती छापून आली, जॉन टेनियल यांच्या ४२ चित्रांसह. पुढे १८७१ च्या अखेरीस दुसरं पुस्तक आलं, आरशापलीकडच्या देशाचं. मला मात्र ही मुलगी पहिल्यांदा भेटली ती जाई म्हणून. भा. रा. भागवतांच्या ‘जाईची नवलकहाणी’मध्ये. ती मूळची इंग्रज आहे हे कळलं तेव्हा मी थोडी रुसलेच होते.

तर त्या रात्री तालीम संपवून घरी आले आणि मूळ पुस्तक पुन्हा काढलं. उत्तर पहिल्याच प्रकरणात होतं. इतक्या वेळा वाचूनही मी त्यावरून घसरून पुढे जात होते.

सशाच्या मागे धावत बिळातून खाली पडल्यावर ॲलिस एका लांबट दिवाणखान्यात येते. सगळी दारं बंद. काचेच्या टेबलावर एक छोटी सोन्याची किल्ली. ती लागते पडद्याआडच्या एका दाराला, आणि कॅरलनं दाराची उंची दिली आहे, सुमारे १५ इंच. हातभरसुद्धा नाही. ॲलिस गुडघे टेकून आत बघते, तर उंदराच्या बिळाएवढ्या वाटेच्या टोकाला एक बाग. रंगीत फुलांचे ताटवे आणि गार कारंजी. तिला त्या बागेत जायचंय. बस्स, एवढंच. बाटलीतलं पिऊन लहान होते ते त्यासाठी, केक खाते तो त्यासाठी. आणि आसवांचं ते प्रसिद्ध तळं? केक खाऊन नऊ फुटांहून उंच झालेली मुलगी जमिनीवर आडवी होऊन एका डोळ्यानं त्या बागेकडे बघते, आता आत जाणं आणखीच कठीण झालं हे तिला कळतं, आणि ती रडू लागते. ते तळं या रडण्याचं आहे. पुढे सुरवंट, डचेस, टोपीवाल्याचा चहा, सगळं पार करून ती एकदाची बागेत पोचते, आणि तिथे तीन माळी पांढऱ्या गुलाबांना लाल रंग फासत बसलेत. मग येते बदामची राणी, मुंडकं उडवा म्हणत.

इतकी साधी, लहान मुलाची इच्छा, आणि ती पूर्ण झाल्यावरची ही अवस्था! पुस्तकाचा कणाच आहे हा. मग मी एकेक सिनेमा आठवू लागले: बाग कुणाच्या लक्षात राहिली?

डिस्नेचा १९५१ चा चित्रपट घ्या. दाराची मूठ बोलते, ही त्यांचीच भर, आणि ॲलिस किल्लीच्या भोकातून पलीकडे बघते तेव्हा तिला बाग दिसत नाही, ससा दिसतो. म्हणजे इच्छा बदलली. पुढे रानात वाट चुकल्यावर ती रडते, तेही घराच्या आठवणीनं. मैत्रिणीचं म्हणणं असं की चित्रपटात एवढा बदल चालतो, आणि चित्रकार मेरी ब्लेअरचे ते रंग बघ, काळ्या रानातले ते पिवळे-गुलाबी ठिपके बघ. रंगांबद्दल माझी काही तक्रार नाही. कॅथरीन बोमाँटचा आवाजही गोड आणि नेमका आहे. पण घरच्या ओढीनं रडणारी मुलगी आपण हजार गोष्टींत पाहिली आहे. न मिळणाऱ्या बागेसाठी रडणारी मुलगी एकच.

आता सगळ्यात जुन्या सिनेमाकडे येते. १९०३. कॅरलना जाऊन पाच वर्षं झाली होती. सेसिल हेपवर्थ आणि पर्सी स्टो यांनी इंग्लंडमध्ये हा मूकपट काढला. आज जेवढा उरलाय तो दहा मिनिटांपेक्षाही कमी आहे. फीत ठिकठिकाणी खराब झाली आहे, चित्रावर डाग आणि ओरखडे नाचत असतात, त्यांच्या आडून मे क्लार्कची ॲलिस दिसते. सगळं घरगुती. हेपवर्थची बायको ससाही झाली आणि राणीही, आणि पुस्तकातली हसरी, हवेत विरणारी चेशायर मांजर म्हणून घरचीच मांजर, चांगली गुबगुबीत, चेहऱ्यावर हसू वगैरे काही नाही. आमच्या गच्चीवरच्या नाटकाला मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हा सिनेमा. आणि गंमत बघा, इथे ॲलिस लहान होते आणि थेट त्या दारातून बागेत जाते. तिथे भेटतो तो हेपवर्थचाच कुत्रा. ती त्याच्याशी खेळायला बघते. बागेत गेल्यावर लहान मुलगी दुसरं काय करणार? एवढ्या वर्षांपूर्वी, धड कॅमेरा हलवता येत नसताना, त्या माणसाला बाग दाखवावीशी वाटली, याचं मला फार अप्रूप आहे.

१९३३ चा पॅरामाउंटचा सिनेमा मी भरकन ओलांडते. बडे बडे नट घेतले आणि जाड मुखवट्यांखाली झाकून टाकले. केरी ग्रांट नकली कासव झालाय, हे आवाजावरूनच ओळखायचं. पैसेही बुडाले त्याचे.

मुखवट्यांवरून माझ्या लाडक्या ॲलिसवर येते. २८ डिसेंबर १९६६, बीबीसी, दिग्दर्शक जोनाथन मिलर. मिलरनं एकच निर्णय घेतला आणि सगळं बदललं: प्राण्यांची डोकी काढून टाकली. ससा नाही, घाईत असलेला एक म्हातारा माणूस आहे. सुरवंट नाही, मायकेल रेडग्रेव्ह आहे, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा बोलणारा वयस्क गृहस्थ. नकली कासव म्हणजे जॉन गिलगुड. पीटर सेलर्स बदामचा राजा. सगळी मोठी माणसं, सगळी आपापल्या तंद्रीत, वेडगळ नियम पाळणारी आणि मुलीला गप्प बसवणारी. मूल होऊन एखाद्या लग्नघरात फिरलात तर मोठी माणसं नेमकी अशीच दिसतात, नाही का? ॲन-मरी मॅलिकची ॲलिस हसत नाही, लाडात येत नाही, समोरच्याकडे नीट बघतसुद्धा नाही. ती वैतागलेली आहे. किती खरी आहे ती!

आणि या सिनेमाला संगीत कुणाचं, तर पंडित रविशंकरांचं. सतार, आणि जोडीला लिऑन गूसेन्स यांचा ओबो, म्हणजे सनईसारखं एक पाश्चात्त्य फुंकवाद्य. आमच्या गटातला एक जण म्हणतो, त्या काळात लंडनमध्ये सतारीची फॅशनच होती, म्हणून घेतली असेल. असेल. पण श्रोतेहो, तुम्ही रेडिओवर कान देऊन ऐकणारी माणसं आहात, तुम्हाला हे पटेल. कडक उन्हाळ्याची दुपार आठवा. घरातली मोठी माणसं आडवी झालीत, तुम्हाला झोप नाही, बाहेर जायला परवानगी नाही. एखादी माशी घोंघावत असते. त्या दुपारीत एक सूर असतो, सतत लागून राहिलेला. सतारीच्या तरफा, म्हणजे खालच्या तारा, झंकारत राहतात तेव्हा हाच सूर ऐकू येतो. ॲलिसची गोष्ट अशाच दुपारी, पेंगुळलेल्या मुलीला सुचलेली आहे. तो पेंग मला व्हायोलिनच्या ताफ्यात कधी ऐकू आला नाही, सतारीत आला.

चेक दिग्दर्शक यान श्वांकमायर यांचा १९८८ चा सिनेमा लहान मुलांना दाखवताना विचार करा. पेंढा भरलेला ससा काचेच्या पेटीतून खिळे उपटून उठतो. त्याच्या छातीच्या फाटक्या शिवणीतून भुसा सांडत असतो, खिशातून घड्याळ काढलं की भुसा, पळाला की भुसा. तो शांतपणे सेफ्टी पिन लावून छाती बंद करतो. ॲलिस लहान झाली की तिची चक्क बाहुली होते. हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला भीती वाटली होती. आता वाटतं, माळ्यावरच्या ट्रंकेत हात घालताना लहानपणी जे वाटायचं, तेच त्यानं पकडलंय.

आता माझं खरं दुखणं. २०१० चा टिम बर्टनचा सिनेमा. जगभरात एक अब्ज डॉलरपेक्षा जास्त कमाई केली त्यानं, आणि आजच्या बऱ्याच मुलांच्या डोक्यात ॲलिस म्हणजे तीच आहे. यातली ॲलिस १९ वर्षांची. एका गुंडाळीवर आधीच लिहून ठेवलंय की ती तलवार घेऊन जॅबरवॉकीला मारणार. चिलखत घालते आणि मारतेसुद्धा. दुसऱ्या पुस्तकात तो राक्षस फक्त एका कवितेत आहे, ॲलिस ती कविता वाचते आणि तिला ती धड कळतही नाही! जिला काहीच ठरवून दिलेलं नाही अशी एक मुलगी बालसाहित्यात होती. तिच्याही हातात कामगिरी दिली. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

त्याच सिनेमात दुसऱ्या पुस्तकातली लाल राणी आणि पहिल्यातली बदामची राणी एकच करून टाकलीय. यावर आमच्यात सर्वांत जास्त भांडणं होतात, आणि इथे साक्षीला खुद्द कॅरल आहेत. २३ डिसेंबर १८८६ ला लंडनच्या प्रिन्स ऑफ वेल्स थिएटरमध्ये ॲलिसचं संगीत नाटक आलं, हेन्री सॅव्हिल क्लार्क यांचं. पुढल्या एप्रिलात कॅरलनी ‘द थिएटर’ या मासिकात लेख लिहून आपली पात्रं मनात कशी होती ते सांगितलं. बदामची राणी म्हणजे अनावर संताप, आंधळा आणि दिशाहीन. लाल राणीचा राग मात्र थंड, शिस्तीचा; घरी शिकवायला येणाऱ्या तमाम बायकांचा अर्क. मराठी माणसाला तर हा फरक समजावायलाही नको. पहिली आहे पत्त्यातली राणी. दुसरी आहे बुद्धिबळाच्या पटावरची, म्हणजे आपला वजीर! बदामच्या राणीला आणि वजिराला एक कसं समजायचं? त्याच लेखात त्यांनी ॲलिसबद्दलही लिहिलंय. ती प्रेमळ हवी, सगळ्यांशी अदबीनं वागणारी, विश्वास टाकणारी, आणि कुतूहल तर अनावर. तलवार नाही कुठे.

लंडनच्या रॉयल बॅलेनं २०११ मध्ये क्रिस्टोफर व्हील्डनचा बॅले केला, जॉबी टॅलबॉटच्या संगीतावर. त्यात बाग आहे, फुलांचं नृत्य आहे, टोपीवाला बूट आपटत टॅप डान्स करतो, चेशायर मांजरीचे अवयव काळ्या कपड्यातले नर्तक सुटे सुटे धरून नाचवतात आणि मांजर हवेत विरघळते. पुस्तकातलं ते विरणं इतकं छान मी कुठेच पाहिलं नाही. फक्त ॲलिसचं एका माळीपोरावर प्रेम बसवलंय, तोच पुढे बदामचा गुलाम होतो. म्हणजे इथेही नुसती बाग पुरली नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीला मी त्या मुलीला बागेचं सांगितलं. ती म्हणाली, “मग बाग दाखवायची ना?” आमच्याकडे बागेसाठी काही नव्हतं. मंडळानं दिलेल्या पैशांत राणीचा मुकुट आणि सशाचे कान एवढंच बसलं होतं. शेवटी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पट्टीनं मोजून १५ इंचांचं दार केलं आणि मागे एका मुलाला पिवळा जिलेटिन लावलेली टॉर्च घेऊन बसवलं.

प्रयोगाच्या रात्री मांडवात बऱ्यापैकी गलका होता. ती दाराशी आली, सरळ पोटावर पालथी पडली, गाल स्टेजला टेकवला आणि एक डोळा दाराला लावला. असं मी शिकवलं नव्हतं. पिवळा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला. तिचं वाक्य होतं, “किती सुंदर बाग आहे!” ती ते बोललीच नाही. बघतच राहिली. विंगेतून मी दोनदा वाक्य पुटपुटले, पण तिचं लक्ष नव्हतं. पुढच्या रांगेतली दोन लहान मुलं उठली, स्टेजच्या कडेला आली आणि मान वाकडी करून त्या दारातून आत काय दिसतंय ते बघायला लागली.